बिघाड एक, आकार तीन

आमच्या न्हाणीघराच्या तोंडाशी तांब्याचा एक बंब असे. आजीच्या लग्नात आलेला. मधोमध नळी, नळीत कोळसा आणि लाकडाच्या ढलप्या, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळेची तोटी. नरकचतुर्दशीच्या पहाटे तीन वाजता आजी तो पेटवी, आणि उटण्याचा वास येण्याआधी आम्हां पोरांच्या नाकात त्या बंबाचा धूर शिरे. माझ्यापुरती दिवाळी सुरू होई ती त्या धुराने.

हा बंब दोन-तीन वर्षांतून एकदा गळू लागे. मग तो रिकामा करून तांबटाकडे पोहोचवण्याचे काम माझ्याकडे येई. एका वर्षी तांबटाने डाग देऊन बंब परत पाठवला आणि चारच दिवसांत तो पुन्हा ठिबकू लागला. या खेपेस आजी स्वतः माझ्याबरोबर आली. तांबट म्हणाला, “आजी, हे भोक नवं आहे. जुनं मी बुजवलंय. नव्याचे पैसे पडतील.” आजीने काही न बोलता बंब उपडा करायला लावला. पहिल्या डागाभोवती तिने गेरूने एक वर्तुळ काढून ठेवले होते. पाणी त्या वर्तुळाच्या आतूनच पाझरत होते. “भोक एक, तर पैसे एकदाच,” ती म्हणाली. तांबटाने हसून भाता ओढायला घेतला. पुढे एकदा खरोखरच गळती वर्तुळाच्या बाहेर निघाली, तेव्हा आजीने एक शब्द न काढता दुसऱ्यांदा पैसे मोजले, हेही मला चांगले आठवते.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. तो पुन्हा आठवला तो इंग्लंडातल्या लेस्टर गावी, माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. आक्का आणि दाजी तिथे बरीच वर्षे आहेत. शाळेच्या दिवाळीच्या सुटीत मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेलो होतो. त्या गावच्या बेलग्रेव्ह रस्त्यावर दिवाळीची रोषणाई अशी होते की आपण परदेशात आहोत हे घटकाभर विसरायला होते. पण नेमक्या त्याच आठवड्यात आक्काचा बॉयलर बंद पडला. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, भिंतींवरचे रेडिएटर गारठलेले, आणि अभ्यंगस्नानासाठी शेगडीवर पातेली चढलेली!

आपल्याकडे बॉयलर म्हटले की गिरणी किंवा साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. तिथला घरगुती बॉयलर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढी पांढरी पेटी. गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतून फिरवायचे आणि नळाला ऊन पाणी पुरवायचे, हे तिचे काम. हिवाळ्यात ती बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर ते संकटच. म्हणून तिथली असंख्य कुटुंबे दरमहा काही पौंड भरून एखाद्या कंपनीकडून दुरुस्तीची हमी विकत घेतात. आक्कानेही घेतली होती. महिन्याचा हप्ता कमी पडावा म्हणून तिने साठ पौंडांच्या ‘एक्सेस’ची योजना पत्करली होती, म्हणजे दुरुस्तीची वेळ आली की पहिले साठ पौंड तिचे आणि पुढचा खर्च कंपनीचा.

पहिला कारागीर आला. बॉयलरमधल्या पाण्याचा दाब उतरला होता. त्याने एक झडप बदलली, दाब भरला आणि तो गेला. साठ पौंड. आठ दिवसांनी दाब पुन्हा उतरला. दुसरा कारागीर आला आणि त्याने पाण्याच्या प्रसरणाला जागा देणारे आतले पात्र बदलले. पुन्हा साठ पौंड. मी परत आल्यावर महिनाभराने बॉयलर पेटेनासा झाला. तिसऱ्याने पंखा बदलला, आणखी साठ. आक्काने फोनवर मला विचारले, “अरे, बॉयलर एक, हिवाळा एक, आणि आकार तीनदा? हे कुठलं शास्त्र?” कंपनीचे उत्तर होते की प्रत्येक वेळी बदललेला भाग निराळा, म्हणून बिघाड निराळा आणि म्हणून मागणीही निराळी.

मी मराठीचा मास्तर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. पण हा प्रश्न मनातून जाईना. एक बिघाड कोणता आणि तीन कोणते, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नाच्या मागे लागून वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की इंग्रज समाज हाच प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे या ना त्या रूपाने सोडवीत आला आहे.

वाफेच्या राज्यातला पहिला वाद पैशांचा नव्हता, प्रेतांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँचेस्टर आणि आसपासच्या गावांत कापडगिरण्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पोटात बॉयलर, आणि त्यांतले काही फुटत. फुटले की भिंती कोसळत, माणसे भाजून मरत. मग पंचांसमोर चौकशी होई आणि पुष्कळदा एकच निकाल बाहेर पडे : अपघाती मृत्यू. बॉयलर का फुटतात याविषयी विद्वानांतही अद्भुत कल्पना होत्या. कोणी म्हणे, तापलेल्या पत्र्यावर पाण्याचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू तयार होतो. कोणी विजेला दोष देई. या गूढपणाचा फायदा एकालाच होता, आणि तो म्हणजे बॉयलरच्या मालकाला. कारण जिथे कारण नाही तिथे दोष नाही, आणि दोष नाही तिथे भरपाई कसली?

या अंधारात दिवा घेऊन पुढे आला तो विल्यम फेअरबेर्न. १७८९ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा माणूस उमेदवारी करीत वर चढलेला कारागीर. १८४४ साली त्याने जॉन हेदरिंग्टन याच्यासह दोन नळ्यांच्या बॉयलरचे पेटंट घेतले. हाच तो ‘लँकेशायर बॉयलर’. आपल्याकडच्या जुन्या गिरणीकामगारांनाही हे नाव ठाऊक असेल. फेअरबेर्नचे म्हणणे साधे होते. बॉयलर दैवाने फुटत नाही. पत्रा गंजलेला असतो, जोड कमजोर असतो, झडप अडकलेली असते किंवा दाब भलताच वाढवलेला असतो. स्फोटाला कारण असते आणि ते शोधले तर सापडते.

१८५४ साली त्याच्याच पुढाकाराने मँचेस्टरमध्ये बॉयलर वापरणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. स्फोट टाळणे आणि वाफेचा वापर काटकसरीने करणे, हे त्याचे उद्दिष्ट. गिरणीमालक वर्गणी भरीत आणि संघाचा तपासनीस येऊन बॉयलर आतून-बाहेरून पाहून जाई. योगायोग असा की मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली तीही याच १८५४ साली. जिथे वाफ गेली तिथे तिचे भयही गेले. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे दगावली, आणि दुसऱ्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. पुढे १९२३ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला.

मँचेस्टरच्या संघात मात्र लवकरच एक मतभेद निघाला, आणि आक्काच्या साठ पौंडांचे मूळ शोधायचे तर इथे थांबले पाहिजे. संघाचा पहिला प्रमुख तपासनीस रॉबर्ट लाँगरिज याने चार-पाच वर्षांतच निराळी वाट धरली. नुसती तपासणी करून भागणार नाही, बॉयलर फुटला तर पैसेही मिळाले पाहिजेत, या विचाराने बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. संघातल्या जुन्या मंडळींना हे रुचले नाही. विमा उतरवला की मालक निष्काळजी होईल, ही त्यांची भीती. पुढे स्पर्धेच्या रेट्याने संघालाही आपल्या सभासदांना हमी द्यावी लागली, ही गोष्ट वेगळी. पण या विम्याची एक खुबी अशी की हप्त्यातला मोठा वाटा भरपाईत जात नसे, तपासनिसाच्या पगारात जाई. अशा विम्यात गिऱ्हाईक खरोखर विकत घेत होते ते अपघातानंतरचे पैसे नव्हेत, अपघाताआधीची जाणती नजर. आजच्या घरगुती योजनेतही वर्षातून एकदा कारागीर येऊन बॉयलर पाहून जातो. ती प्रथा या जुन्या वळणाचीच म्हणायची.

१८८२ साली इंग्लंडात बॉयलरस्फोटांच्या चौकशीचा कायदा झाला. स्फोट झाला की सरकारकडे वर्दी द्यायची, सरकारी चौकशी व्हायची आणि दोष ज्याचा त्याच्याकडून चौकशीचा खर्चही वसूल करता यायचा. ‘अपघाती’ या एका शब्दामागे लपण्याचे दिवस संपत आले. १९०१ च्या कारखाना-कायद्याने तर वाफेचा बॉयलर दर चौदा महिन्यांत एकदा तरी नीट तपासला पाहिजे असे बंधन घातले. परंतु १८८२ च्या कायद्यात एक अपवाद होता, तो वाचताना मी थबकलो. केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यातून वगळले होते! वास्तविक त्या काळी इंग्रजी स्वयंपाकघरात चुलीच्या पाठीशी पाण्याचा छोटा बॉयलर असे. कडाक्याच्या थंडीत नळ गोठले, वाट बंद झाली आणि सकाळी चूल पेटवली की तो फुटे, आणि चुलीपाशी उभी असलेली बाई किंवा मोलकरीण मरे. कारखान्यातल्या स्फोटाची चौकशी सरकार करणार. घरातला स्फोट घरचा. कायदा उंबऱ्यापाशी येऊन थांबला होता.

आता ‘एक्सेस’ या शब्दाकडे वळू. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जादा’. आक्काला प्रथम वाटले की कंपनी जादा पैसे उकळते म्हणून त्याला हे नाव! तसे नव्हे. नुकसानीचा ठरावीक भाग ज्याचा त्याने सोसायचा आणि त्याहून जे जादा होईल ते विमा उतरवणाऱ्याने द्यायचे, अशी ही कल्पना. म्हणजे मुळात ‘जादा’ होता तो कंपनीचा वाटा. पण भाषेची गंमत अशी की नाव चिकटले ते गिऱ्हाइकाच्या वाट्याला.

ही कल्पना बॉयलरहून जुनी, समुद्रावरची आहे. लंडनचे दर्यावर्दी विमेवाले क्षुल्लक नुकसानीच्या मागण्यांनी बेजार झाले होते. धान्य थोडे भिजणार, साखर थोडी पाझरणार, फळे थोडी नासणार. प्रत्येक पोत्यासाठी भांडत बसायचे कोणी? १७४९ साली त्यांनी विमापत्राच्या शेवटी एक टीप जोडली. धान्य, मासे, मीठ, फळे अशा नाशिवंत मालाच्या किरकोळ हानीची जबाबदारी आमची नाही. साखर, तंबाखू, ताग अशा मालाची हानी शेकडा पाचाच्या आत असेल तर ती मालकाची; इतर मालाची शेकडा तीनच्या आत असेल तर तीही मालकाची. हानी त्या मर्यादेपलीकडे गेली की मात्र ती पूर्ण भरून मिळे. आजच्या ‘एक्सेस’मध्ये तसेही नाही, पहिले साठ पौंड कायमचे आपले. पण मुळातला विचार एकच, की बारीकसारीक झीज हा संसाराचा भाग आहे, आणि विमा मोठ्या घावासाठी. हा विचार मला अन्यायाचा वाटत नाही. वाद आहे तो पुढेच. एक जहाज एका वादळात सापडून तीन ठिकाणी फुटले, तर ती एक हानी की तीन? विम्याच्या व्यवहारात हा प्रश्न पुन्हापुन्हा उठत आला आहे, आणि विमापत्रात कोणता शब्द घातला आहे यावर त्याचे उत्तर फिरते.

कारखान्यातला बॉयलर घरात कसा शिरला, ती हकीकत थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये गॅसची पहिली मोठी कंपनी १८१२ साली सनद घेऊन निघाली. तो गॅस कोळशापासून काढलेला आणि मुख्यतः दिव्यांसाठी. घरे ऊबदार ठेवायला मात्र कोळशाच्या शेगड्याच होत्या. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धूर आणि धुके यांचे असे दाट पांघरूण पडले की हजारो माणसे श्वास कोंडून मेली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळशाच्या शेगडीचे दिवस भरले. १९४९ पासून गॅसचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा होऊन प्रादेशिक मंडळांकडे गेला होता. १९६५ साली उत्तर समुद्राखाली नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ साली तो किनाऱ्याला लागला. त्यानंतरची दहा वर्षे इंग्लंडात जे घडले ते एखाद्या मोहिमेसारखे होते. कारागिरांच्या तुकड्या गल्लीगल्लीतून फिरल्या आणि कोटीहून अधिक घरांतली शेगडी न् शेगडी नव्या वायूला जुळवून गेल्या. घरोघर गॅसचा बॉयलर आणि खोलीखोलीत रेडिएटर ही चैन राहिली नाही. ती रीत झाली.

गॅस पुरवणारे मंडळ, शेगडी विकणारे मंडळ, दुरुस्तीला माणूस पाठवणारेही तेच. १९८६ साली गॅसचा धंदा भाग विकून खाजगी करण्यात आला. त्यानंतर पुरवठा कोणाचा, बॉयलर कोणाचा, दुरुस्ती कोणाची आणि हमी कोणाची अशी फाटाफूट होत गेली. २००५ पासून इंग्लंडात नवा बॉयलर बसवायचा तर तो कमी गॅस खाणाऱ्या नव्या धर्तीचा असावा असा नियम आला. नव्या पेट्यांत पंखे, विजेच्या पाट्या आणि नाजूक यंत्रणा. घरातल्या माणसाने पाना घेऊन झटापट करावी असे त्यात काही उरले नाही, आणि करूही नये. गॅसचे काम नोंदलेल्या कारागिरानेच करायचे असा तिथला कायदा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण याचा परिणाम असा झाला की आजी जसा बंब उपडा करून गळती पाहू शकत होती, तशी आक्काला तिच्या बॉयलरची गळती दिसत नाही. तिच्या हाती राहतो फक्त कागद. यंत्र जसजसे झाकले गेले तसतसा कागद वाढत गेला, आणि भांडण भोकावरून शब्दावर आले.

कागदावरच्या शब्दांचा इंग्रजी न्याय कसा घडला, त्याचाही एक धागा आहे. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशापुढे सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याचा खटला आला. किल्ला फ्रेंचांनी घेतला, आणि विमेकरी म्हणू लागला की किल्ल्याच्या गव्हर्नराने त्याची दुबळी स्थिती मला सांगितली नव्हती. मॅन्सफील्डने निकाल गव्हर्नराच्या बाजूने दिला आणि एक तत्त्व सांगितले, की विम्यात दोन्ही बाजूंनी सचोटी हवी. पुढे दीडदोनशे वर्षांत या तत्त्वाचे ओझे गिऱ्हाइकाच्या खांद्यावरच अधिक चढवले गेले. १९७७ साली अन्यायकारक करारांविरुद्ध ब्रिटिश संसदेने कायदा केला तेव्हा विम्याचे करार त्यातून वगळले गेले. १८८२ साली घर वगळले होते, १९७७ साली घराचा विमा वगळला! विमाकंपन्यांनी त्या बदल्यात आपण नीट वागू असे वचन तेवढे दिले.

तरीही वारे फिरत होते. १९८१ साली काही विमाकंपन्यांनीच पुढाकार घेऊन एक ‘ओम्बड्समन’ नेमला. हा शब्द स्वीडनचा. तिथल्या संसदेने १८०९ सालापासून असा लोकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी ठेवला आहे. मग युरोपच्या नियमांमुळे १९९५ पासून करारातल्या अन्यायी कलमांविरुद्ध विमाधारकालाही आधार मिळाला. २००१ च्या डिसेंबरात सरकारी कायद्याने स्थापलेली आर्थिक तक्रारींची ओम्बड्समन-संस्था कामाला लागली. तिची रीत अशी : आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिला आठ आठवड्यांची मुदत, तिचे अंतिम उत्तर पटले नाही तर सहा महिन्यांच्या आत या संस्थेकडे जायचे. तक्रारदाराला फी नाही. निर्णय तक्रारदाराने मान्य केला की कंपनीवर तो बंधनकारक. एक सावधगिरी मात्र हवी. दुरुस्तीची प्रत्येक योजना विमा नसते. काही नुसते देखभालीचे करार असतात, आणि त्यांची तक्रार या दारात चालत नाही. आपला कागद कोणत्या जातीचा, हे भांडण्याआधी पाहिले पाहिजे.

हे सगळे कागदावर असूनही व्यवहारात काय चालते, याचा एक दाखला जाहीर आहे. २०१४ साली घरगुती दुरुस्तीच्या विम्यातील ‘होमसर्व्ह’ या मोठ्या कंपनीला तिथल्या नियामक संस्थेने तीन कोटी पौंडांहून अधिक दंड केला. विमा चुकीच्या रीतीने विकणे आणि तक्रारींची पुरेशी चौकशी न करणे, हे आरोपांतले प्रमुख. (आक्काची कंपनी ही नव्हे, हे इथेच सांगून टाकतो.) यातला दुसरा आरोप मला अधिक बोलका वाटतो. पैसे चुकून घेतले जाणे समजू शकते; पण गिऱ्हाईक विचारायला आले असता कारणच न शोधणे, हा फेअरबेर्नच्या आधीचा काळ झाला.

२०१५ च्या ग्राहकहक्क-कायद्यातली दोन-तीन कलमे मी आक्काकडून फोनवर वाचून घेतली. किंमत किती असावी यात सहसा न्यायालय पडत नाही, पण ती स्पष्ट आणि ठळकपणे सांगितलेली असावी लागते. करारातल्या एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाला अनुकूल असलेला अर्थ धरायचा. आणि सेवेचे काम योग्य काळजीने व कौशल्याने झाले नसेल, तर ते पुन्हा करून द्यायचे आणि त्याचा खर्च करणाऱ्याने सोसायचा. ओम्बड्समनही विम्यातल्या दुरुस्तीला हीच कसोटी लावतो, की ती परिणामकारक आणि टिकाऊ हवी. हे ऐकताना मला हसू आले. “भोक एक, तर पैसे एकदाच,” हे आजीने तांबटाच्या दुकानात कोणत्याही कलमाविना सांगितले होते.

आता आक्काच्या तक्रारीकडे येतो. तिचे पहिले पत्र रागाचे होते : तिन्ही आकार परत द्या. त्याला ठरावीक उत्तर आले, की भाग तीन, मागण्या तीन. दुसरे पत्र आम्ही दोघांनी बसून केले. मी तिला आजीच्या गेरूच्या वर्तुळाची आठवण दिली. तिने तिन्ही कारागिरांच्या कामाच्या पावत्या काढल्या, तारखा मांडल्या, आणि प्रत्येक वेळी बॉयलरची खूण काय होती ते लिहिले. पहिल्या दोन्ही वेळा खूण एकच : तापल्यावर दाब चढतो, झडपेतून पाणी बाहेर पडते, थंड झाल्यावर दाब उतरतो आणि पेटी बंद पडते. पाणी तापले की फुगते. त्याला सामावून घेणारे पात्र निकामी झाले की बिचाऱ्या झडपेला पाणी बाहेर सोडावेच लागते. पहिल्या कारागिराने झडप बदलली, म्हणजे रडणाऱ्या मुलाचे डोळे पुसले. पोट दुखते का ते विचारले नाही. आक्काने लिहिले : “तुमच्या करारात दर बिघाडाला एक आकार असे म्हटले आहे, दर सुट्या भागाला एक असे म्हटलेले नाही. पहिल्या खेपेस बिघाड दुरुस्त झालाच नव्हता. सबब दुसरा आकार परत करावा.”

आणि तिसरा? इथे आमची चांगलीच जुंपली. दाजींचे म्हणणे, एवढा मनस्ताप दिला आहे तर तिन्हींसाठी अडून बसावे. आक्काही तशीच तापलेली. पण पंख्याचा पाण्याच्या दाबाशी काही संबंध नव्हता. तिसऱ्या कारागिरानेच तिला तो उघडून दाखवला होता आणि त्याची घासलेली धाव तिने डोळ्यांनी पाहिली होती. मी म्हटले, “आक्का, हे भोक वर्तुळाच्या बाहेरचं आहे.” फोनवर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजीनं दिले असते, नाही का रे?” आणि तिसऱ्या आकाराची मागणी तिने पत्रातून काढून टाकली.

सातव्या आठवड्यात उत्तर आले. दुसरे साठ पौंड परत, आणि दिलगिरीचे एक वाक्य. ओम्बड्समनच्या दारापर्यंत जावे लागले नाही. पण ते दार आहे आणि ते आपल्याला माहीत आहे, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत आक्काने लिहायला विसरले नव्हते, त्याचाही काही वाटा असेलच.

साठ पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे ग्राहकाने प्रश्न विचारावा यासाठी बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला आणि २०२० पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पाणी गाळण्याच्या यंत्रापासून वातानुकूलनापर्यंत वार्षिक देखभालीचे करार आता आपल्याही घरोघर आहेत, आणि “हा भाग योजनेत येत नाही” हे वाक्य आपल्यालाही पाठ झाले आहे. मी मुलांना निबंध शिकवतो. यंदा नववीच्या वर्गाला मी एक तक्रारपत्र लिहायला सांगितले, आणि अट एकच घातली : आपले जे खरे नाही ते मागायचे नाही, आणि आपले जे खरे आहे ते सोडायचे नाही. एका मुलीने विचारले, “सर, खरं कुठलं ते कसं कळायचं?” मी तिला गेरूची गोष्ट सांगितली.

आजीचा बंब आता माळ्यावर आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढला. तळाशी दोन डाग आहेत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. गेरूचे वर्तुळ केव्हाच पुसून गेले आहे.